पडवीच्या वाशाला भोके पाडणारा काळा भुंगा म्हणजेच बंबलबी का?

रामबागवासी (इंदूर)

सर्वांना नमस्कार. आमचे घर रामबागेतील जुन्या घरांपैकी असून पुढच्या बाजूला लाकडी पडवी आहे. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) निघाली त्या दिवशी पडवीत बसलो असताना वरच्या वाशातून बारीक, पिवळसर भुसा फरशीवर पडत असल्याचे प्रथम लक्षात आले. वाळवी असावी असे वाटून शिडी लावून पाहिले, तर वाशाच्या खालच्या अंगाला गिरमिटाने पाडावे तसे अगदी गोल भोक होते आणि आतून कुरतडल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने त्यातून अंगठ्याच्या पेराएवढा, काळाभोर, निळसर पंखांचा भुंगा पाठमोरा बाहेर आला. आता अशी पाच भोके झाली आहेत. मूळच्या सागवानी खांबांना त्यांनी स्पर्शही केलेला नाही. काही वर्षांपूर्वी दुरुस्तीच्या वेळी घातलेले हलक्या लाकडाचे दोन वासे मात्र त्यांनी नेमके निवडले आहेत.

शेजारच्या काकूंच्या मते भोकांत रॉकेल ओतून वर मेण लावावे. कीड-नियंत्रणवाला एक गृहस्थ येऊन गेला. त्याने भुंगा न पाहताच संपूर्ण पडवीवर फवारणी करण्याचा खर्च सांगितला. माझ्या मुलाने मात्र मोबाईलवर शोधून हा ‘बंबलबी’ असल्याचे ठरवले आहे, आणि अमेरिकेत २०१७ मध्ये बंबलबीची एक जात संकटग्रस्त म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली घ्यावी लागली असे वाचल्यापासून तो मला रॉकेलच्या डब्याला हात लावू देत नाही. तेव्हा हा खरोखर बंबलबी आहे का, घरात लहान मूल असताना त्याच्यापासून काही धोका आहे का, आणि तो नाहीसा झाला तर कोणाचे काय बिघडते, हे जाणकारांनी सांगावे. वासेही वाचावेत अशी इच्छा आहेच.

—

सूक्ष्मदर्शी (राजेंद्रनगर, इंदूर)

मुलाचा निष्कर्ष चुकलेला आहे, पण त्याने रॉकेलचा डबा अडवला हे योग्यच केले. मी अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी तरी हाच प्रश्न घेऊन येत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लाकडाला गोल भोक पाडून त्यात राहणारी ही माशी म्हणजे सुतार भुंगा होय. तिच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव झायलोकोपा असे असून या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘लाकूड तोडणारा’ असा आहे. बंबलबी बॉम्बस या वेगळ्या प्रजातीत मोडते. दोघींतला फरक ओळखण्यासाठी पोटाच्या वरच्या बाजूकडे पाहावे. सुतार भुंग्याचे पोट तुळतुळीत, काळे आणि चकचकीत असते; बंबलबीच्या सर्वांगावर मात्र लोकरीसारखी दाट लव असते आणि तिच्यावर बहुधा पिवळे, पांढरे किंवा तांबूस पट्टे असतात. शिवाय बंबलबीच्या कामकरी माशीच्या मागच्या पायावर परागाचा गोळा बसवण्यासाठी सपाट, गुळगुळीत ‘टोपली’ असते. सुतार भुंग्याला ती नसते. त्याच्या पायावर केसांचा जाड कुंचला असतो.

आणखी एक कसोटी भूगोलाची आहे. जगात बंबलबीच्या अडीचशेहून अधिक जाती असल्या तरी तिचे घर मुख्यतः थंड प्रदेशांत आहे. भारतात ती हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत राहते. माळव्याच्या पठारावर किंवा सह्याद्रीत ती आढळत नाही. त्यामुळे इंदुरात कोणी बंबलबी पाहिल्याचे सांगितले, तर त्याने सुतार भुंगाच पाहिला असे समजण्यास हरकत नाही.

हा घोळ होण्यास आपली भाषाही काही अंशी कारणीभूत आहे. मराठीत आपण या माशीलाही भुंगा म्हणतो आणि नारळाचा शेंडा पोखरणाऱ्या कठीण कवचाच्या किड्यालाही गेंड्या भुंगा म्हणतो, वास्तविक तो माशीच्या कुळातला नाहीच. जुन्या काव्यातला भ्रमर मात्र नि:संशय हाच आहे, कारण कोरडे लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कोवळ्या कमळाच्या कळीत अडकून पडतो हा दृष्टांत, ज्याने हा प्राणी घराच्या आढ्याला प्रत्यक्ष पाहिला आहे त्यालाच सुचू शकतो.

आता वाशाच्या आत काय चालले आहे ते पाहू. भोक पाडते ती मादी. ती लाकूड खात नाही. मजबूत जबड्यांनी कुरतडून भुसा बाहेर टाकते. सुरुवातीला लाकडात सरळ आत शिरून ती काटकोनात वळते आणि मग रेषांच्या दिशेने लांबट बोगदा कोरते, कारण त्या दिशेने लाकूड सोपे जाते. बोगद्याच्या टोकाशी पराग आणि मकरंद मळून केलेला गोळा ठेवून त्यावर ती एकच अंडे घालते आणि भुसा लाळेत कालवून केलेल्या पडद्याने ती खोली बंद करते. नंतर पुढची खोली, पुढचा गोळा, पुढचे अंडे. या पद्धतीने एका बोगद्यात जेमतेम हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच पिल्ले होतात. आग्या माशीच्या पोळ्यात हजारो माश्या असतात, तिथे ही संख्या किती लहान आहे पाहा. परंतु प्रत्येक अंडे प्रचंड असते. सुतार भुंग्यांची अंडी सर्व कीटकांत सर्वांत मोठ्या अंड्यांपैकी असून काही जातींत ती दीड सेंटीमीटरहून लांब भरतात. म्हणजेच थोडी पिल्ले आणि प्रत्येकावर भरपूर गुंतवणूक असा हा संसार आहे, आणि म्हणूनच एका वाशात ओतलेल्या वाटीभर रॉकेलाने एका मादीची वर्षभराची मेहनत नाहीशी होते.

दंशाविषयी काळजी नसावी. नराला नांगी नसते. मादीला असते, परंतु तिला मुठीत धरले किंवा भोकात बोट घातले तरच ती वापरते. मोठ्याने गुणगुणत तोंडासमोर येऊन अंतराळी थांबणारा जो भुंगा सर्वांना घाबरवतो, तो बहुधा नर असतो.

—

लष्करची लेक (माहेर ग्वाल्हेर, सध्या सोलन)

वरील उत्तराला पुस्ती जोडते. माझे बालपण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गेले, त्यामुळे काळा भुंगा परिचयाचा होता; पण लग्नानंतर हिमाचलात आल्यावर पहिल्या वसंतात घराच्या मागच्या उतारावर जे दिसले त्याने मीही फसले होते. सोलन समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. मार्चच्या सकाळी, जेव्हा मधमाश्यांची पेटी अजून निपचित असते, तेव्हा एक मोठी, केसाळ, शेपटीकडे तांबूस रंगाची माशी जमिनीलगत नागमोडी उडत प्रत्येक बीळ, प्रत्येक गवताचा पुंजका तपासत होती. ती बंबलबीची राणी होती. या भागात सर्रास आढळणाऱ्या जातीचे नाव बॉम्बस हेमोऱ्हॉइडॅलिस असे असून इथल्या नौणी येथील फलोद्यान आणि वनविद्या विद्यापीठात ती पेटीत पाळण्याचे प्रयोगही झाले आहेत.

बंबलबीचे चरित्र सुतार भुंग्याहून अगदी वेगळे आहे. हिवाळाभर केवळ राणी जिवंत राहते, आणि तीही एकटी, मातीत पुरून घेऊन. बर्फ ओसरल्यावर ती उंदराचे सोडलेले बीळ किंवा तत्सम पोकळी शोधते. तिथे परागाचा गोळा करून त्यावर अंडी घालते आणि समोर मेणाचे एक छोटे मडके घडवून त्यात मकरंद भरून ठेवते, म्हणजे बाहेर न जाता अंडी उबवता उबवता खाता येते. ‘उबवणे’ हा शब्द मी पक्ष्यावरून अलंकारिक अर्थाने वापरलेला नाही. ती खरोखरच कोंबडीसारखी अंड्यांवर पोट टेकून बसते. उडण्याचे स्नायू पंख न हलवता थरथरवते आणि त्या उष्णतेने अंडी आणि अळ्या तिशीच्या आसपास अंशांवर ठेवते. चार-पाच आठवड्यांनी पहिल्या कामकरी माश्या बाहेर पडतात. त्या अंगाने लहानखुऱ्या असतात, कारण एकट्या आईने गोळा करून आणलेल्या अन्नावर त्या वाढलेल्या असतात. त्यानंतर राणी घराबाहेर पडत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस घरात काही शे माश्या होतात, नर आणि नव्या राण्या जन्मतात, त्यांचे मीलन होते, आणि पुढच्या थंडीपूर्वी नव्या राण्यांखेरीज सर्व मरून जातात. म्हणूनच बंबलबीच्या घरात मधाचा मोठा साठा कधीच सापडत नाही. ज्यांना हिवाळा पाहायचा नाही त्यांनी साठवावे कशासाठी?

स्नायू थरथरवून अंग तापवण्याच्या याच कसबामुळे तिला थंडीत काम करता येते. उड्डाणासाठी तिच्या छातीतील स्नायू सुमारे ३० अंशांपर्यंत तापावे लागतात, आणि ते ती बाहेर दहा अंश असतानाही साधते. वरची दाट लव ही ऊब धरून ठेवते. सफरचंद फुलताना इथे अनेकदा ढग आणि पाऊस असतो, मधमाश्या पेटीतच बसून राहतात, आणि अशा दिवशी बागेत बंबलबीच फिरताना दिसते. सिक्कीमकडे मोठ्या वेलचीचे पीक तर बव्हंशी हिच्याच भरवशावर येते. त्या फुलाची रचना अशी आहे की लहान मधमाशी आत शिरून पराग घेऊन निघून जाते तरी स्त्रीकेसराला तिचा स्पर्श होत नाही. बंबलबीची पाठ मात्र तिच्या आकारमानामुळे बरोबर तिथे घासते.

—

काळी माती (सांवेर रस्ता, इंदूर जिल्हा)

मी शेतकरी आहे आणि माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. माझ्याकडे थोडी तूर, थोडी वांगी आणि एक पॉलीहाऊस आहे. पॉलीहाऊसमधील टोमॅटोच्या फुलांना मी सध्या सकाळी काठीने झाडे हलवून फळधारणा करून घेतो. युरोपात यासाठी बंबलबीच्या पेट्या विकत मिळतात असे ऐकले. तशा पेट्या इथे आणवता आल्या तर किती सोयीचे होईल! दुसरे म्हणजे, सुतार भुंग्याला इतके गौरवले जात आहे, पण माझ्या डोळ्यांसमोर तो फुलाच्या तोंडातून न शिरता बुडाला चीर पाडून रस पिऊन जातो. अशाने परागीभवन कसे होणार? मला तर तो चोरच वाटतो.

—

सूक्ष्मदर्शी (राजेंद्रनगर, इंदूर)

निरीक्षण अचूक आहे. लांब नळीच्या फुलांत जीभ पुरत नाही तेव्हा सुतार भुंगा बुडाशी चीर पाडतो, आणि त्या चिरेतून पुढे इतर माश्याही फुकट रस पितात. आखूड जिभेच्या बंबलबीसुद्धा हेच करतात. परंतु चोर म्हणून त्याला गावाबाहेर काढण्यापूर्वी तुमची वांगी आणि तूर काय म्हणतात तेही ऐकावे.

वांग्याच्या फुलातील पिवळे परागकोश उभे फाटत नाहीत (टोमॅटोत ते आतल्या बाजूने फाटतात, पण एकत्र जुळून झालेल्या नळीच्या टोकातूनच पराग बाहेर येतो). मिठाच्या डबीसारखी त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्रे असतात. पराग आत कोरडा आणि सुटा असतो, तो हलवल्याशिवाय बाहेर येत नाही. सुतार भुंगा आणि बंबलबी अशा फुलाला जबड्याने घट्ट धरतात, पंख मिटून ठेवतात आणि छातीचे स्नायू तेवढे कंपित करतात. त्यासरशी छिद्रांतून परागाची धूळ त्यांच्या पोटावर उडते. या वेळी त्यांचा स्वर उडतानाच्या गुणगुणीपेक्षा स्पष्टपणे चढा ऐकू येतो; सकाळी वांग्याच्या वाफ्यात उभे राहून कान दिल्यास तुम्हालाही कळेल. मधमाशीला हे कसब अवगत नाही. जगात सुमारे २० हजार जातींच्या वनस्पतींची फुले अशी छिद्रांची आहेत. तुमची सकाळची काठी म्हणजे या माशीचेच काम तुम्ही हाताने करणे आहे.

आपल्याकडचा बहावाही याच पंथातला. त्याच्या फुलात तीन लांब, वाकलेले पुंकेसर असतात आणि मध्ये आखूड पुंकेसरांचा झुबका असतो. भुंगा आखूड पुंकेसर धरून कंपने देतो, स्वतःचे अन्न मिळवतो, आणि तेवढ्यात लांब पुंकेसरांचा पराग त्याच्या अंगाच्या अशा भागी पडतो जिथून तो पुढच्या फुलाच्या स्त्रीकेसराला लागतो. एका फुलाने खाण्याचा आणि पाठवण्याचा पराग असा वेगळा मांडावा ही मला निसर्गातील फार चतुर योजना वाटते.

रुईचे उदाहरण तर त्याहून थेट आहे. रुईचा पराग धुळीसारखा सुटा नसून मेणकट पुड्यांत बांधलेला असतो, आणि त्या पुड्या फुलातील अरुंद फटींतून ओढून काढण्याइतके बळ व वजन लहान माश्यांकडे नसते. सुतार भुंग्याचा पाय त्या फटीत अडकतो, तो हिसका देऊन सोडवतो आणि पुडी पायाला लटकून पुढच्या फुलावर जाते. शनिवारी मारुतीला वाहण्यासाठी आपण जिची माळ करतो, त्या रुईला शेंगा धरतात त्या मुख्यतः या भुंग्यांमुळे. पुढे तिच्याच पानांवर ठिपकेदार नारिंगी रुईकर फुलपाखराच्या अळ्या वाढतात.

तुरीविषयी: तुरीचे फूल उमलण्यापूर्वी बहुतांशी स्वतःचेच परागीभवन उरकून घेते, हे खरे आहे. तरीही मोठ्या माश्या पाकळ्या दाबून आत शिरतात तेव्हा काही प्रमाणात परपरागीभवन होते, आणि संकरित तुरीचे सारे गणित त्यावर उभे आहे. २०१० मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झालेल्या आयसीपीएच २६७१ या संकरित वाणाचे बियाणे तयार करताना नर-वंध्य (स्वतःचा पराग नसलेल्या) ओळीवर पराग हाताने टाकत नाहीत. ते काम शेतातील सुतार भुंगे आणि पानकापी माश्याच करतात.

पेट्यांबाबत मात्र माझे मत स्पष्टपणे विरुद्ध आहे. युरोपात बॉम्बस टेरेस्ट्रिस ही जात १९८७ च्या सुमारास पेट्यांतून टोमॅटोसाठी विकली जाऊ लागली आणि तिथे ते सोयीचेच झाले, कारण ती तिथलीच आहे. चिलीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती बाहेरून आणली. पाहता पाहता ती अँडीज ओलांडून अर्जेंटिनात पोचली, आणि दक्षिणेकडची मूळची बॉम्बस डाहलबोमी, जी जगातील सर्वांत मोठ्या बंबलबींपैकी आहे, ती अनेक ठिकाणांहून नाहीशी झाली. बाहेरच्या माशीबरोबर तिचे रोगही येतात, ही खरी भीती आहे. शिवाय लोकर पांघरलेल्या माशीला मे महिन्यातील माळव्याच्या पॉलीहाऊसमध्ये कोंडणे, हा तिच्यावरही अन्यायच होईल. आपला काळा भुंगा निदान उन्हाचा सरावलेला आहे. भर दुपारी तो बोगद्यात बसून राहतो आणि सकाळ-संध्याकाळ कामावर निघतो. त्याच्या कुळातील एक जात तर भीमाशंकरच्या जंगलात चक्क रात्री, चंद्र नसतानाही, फुलांवर जाते.

—

दांडियाबाजारकर (वडोदरा)

मी लाकूडकामाशी संबंधित आहे, म्हणून केवळ वाशांपुरते लिहितो. आमच्याकडच्या जुन्या घरांतही हा प्रकार नेहमी आढळतो. एका वर्षाच्या पाच भोकांनी वासा पडत नाही. खरे नुकसान वर्षानुवर्षे होते, कारण नवीन पिढी जुनाच बोगदा वाढवते आणि त्याला फाटे फोडते. त्यामुळे आत्ता काहीही बुजवू नये; आतील पिल्ले अडकतील आणि कदाचित दुसरीकडून पोखरून बाहेर येतील. भोकांत ये-जा पूर्ण थांबली आणि काडी घालून आत कोणी नाही याची खात्री झाली की लाकडी खुंटी ठोकून वर लांबी (पुट्टी) भरावी आणि संपूर्ण वाशाला, विशेषतः खालच्या अंगाला आणि कापलेल्या टोकांना, तैलरंगाचे दोन हात द्यावेत. रंगवलेले गुळगुळीत लाकूड हा भुंगा सहसा निवडत नाही. कोरडे, उघडे आणि मऊ लाकूडच त्याला हवे असते. तुमच्या सागवानी खांबांना त्याने का सोडले, हे आता लक्षात आले असेल.

जोडीला, पडवीपासून थोडे दूर, पावसापासून आडोशाला, एका बाजूचे पेर बंद असलेले बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवावेत. पोकळी बोटभर रुंद असावी. बांबूत सुतार भुंगे आनंदाने राहतात आणि पोखरण्याचे कष्टही वाचतात. पूर्वी कुंपणाचे, मांडवाचे, गोठ्याचे जुने बांबू आणि वाळके लाकूड सगळीकडे पडून असे. आता सर्वत्र लोखंड आणि सिमेंट आले, तेव्हा तुमचे दोन वासे हीच त्या परिसरातली रिकामी जागा उरली असावी.

—

रामबागवासी (इंदूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फवारणीवाल्याला नको म्हणून कळवले आहे आणि काकूंना वांग्याच्या फुलाचा प्रकार समजावून सांगितला. रॉकेलचा आग्रह त्यांनी सोडला, पण भुंगा अंगावर येतो ही तक्रार कायम आहे. बांबूचे चार तुकडे आज बांधले. भोकाचे तोंड मोजले, ते बारा मिलिमीटर भरले.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. काल संध्याकाळी पडवीसमोर एक भुंगा अंतराळी थांबून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर, अगदी चिमणीवरही, धावून जात होता. तो काळा नव्हता. संपूर्ण पिवळसर, सोनेरी लव असलेला होता. मुलाने लगेच ‘हीच बंबलबी’ असा पुकारा केला. भोकांतून येणारे भुंगे तर सगळे काळे आहेत.

—

सूक्ष्मदर्शी (राजेंद्रनगर, इंदूर)

मुलाला सांगावे की केसाळ आणि पिवळा असूनही तोही सुतार भुंगाच आहे. झायलोकोपा प्युबेसेन्स या जातीचा नर संपूर्ण पिवळा असतो आणि एखाद्या ठळक खुणेभोवतालची जागा अडवून मादीची वाट पाहतो. काकूंच्या अंगावर धावणाराही तोच असावा, आणि त्याला नांगी नाही. परंतु या जातीच्या मादीची छाती पिवळ्या लवेची आणि फक्त पोट काळे असते. तुम्ही प्रथम वर्णन केलेली मादी सर्वांगाने काळी आणि निळसर पंखांची होती. म्हणजे तुमच्या पाच भोकांत बहुधा दोन जाती नांदत आहेत. उद्या सकाळी प्रत्येक भोकातून कोण बाहेर येते ते मुलाला वेगवेगळे लिहून ठेवण्यास सांगावे, आणि पिवळ्या छातीची मादी दिसल्यास तिच्या छाती-पोटाच्या सांध्याकडे भिंगातून पाहावे. या गटातील माद्यांच्या पोटाच्या पहिल्या खंडात एक लहानसा कप्पा असतो, आणि त्यात काही विशिष्ट सूक्ष्म अष्टपाद (माइट) भाडेकरूंसारखे राहून तिच्याबरोबर घरोघर प्रवास करतात.